शेगडी, कानटोपी आणि बोरन्हाण : थंडीच्या दिवसांतले वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरांतून आहेत आणि त्यांतली काळजी एकच आहे: बाळाला थंडी बाधेल का? आमचं मत आधीच सांगतो. महाराष्ट्रातल्या थंडीत निरोगी बाळाला गारव्यापेक्षा गारवा घालवायच्या उपायांचीच भीती जास्त असते. धूर, कोंडलेली खोली, कढत पाणी, कापूर आणि कपड्यांचे थरावर थर. उत्तरं त्या अंगाने वाचावीत.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं आहे. निफाडला पहाटे कडाक्याची थंडी असते. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी न्हाणं झालं की दारं-खिडक्या लावून शेगडीवर ओवा, वेखंड टाकून धुरी देतात. सासूबाईंना ती हवीच असते. बाळ मात्र शिंकतं, डोळ्यांतून पाणी येतं. काय करावं?

उत्तर : धुरी आजपासूनच बंद करा. दोष ओव्याचा नाही, धुराचा आहे. निखाऱ्यावर काहीही टाकलं तरी धुराचे बारीक कण बाळाच्या अरुंद श्वासनलिकांना सूज आणतात, आणि ज्या सर्दी-खोकल्याला घाबरून धुरी द्यायची तोच वाढतो. त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर विरला आणि निखारे नुसते लाल राहिले तरी तो निघतच असतो. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून दार लावून झोपणं तर सरळ जिवावरचं आहे.

सासूबाईंना हवी आहे ती बाळाची ऊब, आणि ती देता येते. न्हाण्याआधी दुपटं, झबलं आणि टकुचं इस्त्रीने गरम करून घडीत गुंडाळून ठेवा. घालण्याआधी आपल्या गालाला लावून बघा. हे काम सासूबाईंकडेच सोपवा. ‘धुरी नको’ एवढंच म्हटलं तर वाद होतो. तिच्या जागी दुसरं काही हाती दिलं की बहुधा होत नाही. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांनाही सोबत न्या.

आता अंघोळीबद्दल. सकाळी सातला न्हाऊ घालण्याचं कारण बहुतेक घरांत मावशींची वेळ एवढंच असतं. निफाडसारख्या ठिकाणी अकरा-बारा वाजता ऊन वर आल्यावर न्हाऊ घाला. रोज नाही जमलं, दिवसाआड घातलं तरी चालतं. मधल्या दिवशी मान, काखा, जांघा आणि लंगोटाची जागा कोमट ओल्या कापडाने पुसा. मालिशचं तेल गॅसवर गरम करू नका, बाटली कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा. खोबरेल थंडीत गोठतं, तेही तसंच विरघळतं. खोबरेल किंवा तिळाचं तेल चालेल. मोहरीचं तेल बाळाच्या त्वचेला झोंबतं. नाकात, कानात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर त्याने न्यूमोनिया होतो. टाळूवर हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, दाबून जिरवायचं मात्र नाही. डाळीचं पीठ चोळूनही नको, थंडीत आधीच कोरडी झालेली त्वचा त्याने सोलवटते.

पाणी ३७ ते ३८ अंश सेल्सिअस असावं, म्हणजे कोपर बुडवल्यावर ना गरम वाटेल ना गार. आपल्याकडे आधी कढत पाणी ओतून मग विसण घालतात. बाळासाठी क्रम उलटा करा: बादलीत आधी गार पाणी, मग गरम, मग हाताने ढवळून कोपराने तपासणी. विसण घालायचं राहून गेलं आणि तांब्या ओतला, असे अपघात या क्रमाने टळतात. पाच मिनिटांत न्हाणं उरका, आधी डोकं पुसा, मग अंग. त्वचा किंचित ओलसर असतानाच थोडं तेल लावलं तर ओलावा टिकतो.

प्रश्न : पाच महिन्यांच्या बाळाला रात्री किती कपडे घालावेत? हातपाय गारच लागतात म्हणून आम्ही दोन स्वेटर, कानटोपी, मोजे आणि वर गोधडी घालतो. तरी बाळ रडत उठतं.

उत्तर : गार लागत असल्यामुळे नाही, उकडत असल्यामुळे उठत असण्याची शक्यता जास्त. तान्ह्या बाळाचे तळहात-तळपाय थोडे गार असणं नेहमीचं आहे. ऊब बघायची ती मानेच्या मागे किंवा छातीवर, दोन बोटं लावून. तिथे कोरडं आणि उबदार लागलं की पुरे. घाम लागला तर एक थर काढा. मोठ्या माणसाला बसल्या जागी जेवढे थर लागतात त्याहून एक जास्त, हे माप धरा: आत सुती झबलं, वर पूर्ण बाह्यांचा फलालीनचा अंगरखा, त्यावर फार तर एक स्वेटर. लोकर थेट अंगाला लागली की खाजते आणि पुरळ येतं, म्हणून आतला थर सुतीच हवा.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर सैल गोधडी, रजई, उशी काहीही नको. ती तोंडावर आली तर बाळाला बाजूला सारता येत नाही. टोपीही झोपेत घसरून नाकावर येते, म्हणून घरात झोपवताना काढा. (वजन कमी असलेल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं वेगळं असतं, तिथे डॉक्टर सांगतील तसं.) गोधडीच्या जागी जुन्या फलालीनच्या दुपट्याची बिनबाह्यांची पिशवी शिवा: गळा डोकं आत घसरणार नाही एवढा लहान, काखा मोकळ्या, खाली पाय हलवता येतील एवढी ऐसपैस. बाळ नेहमी पाठीवर झोपवा, तुमच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणात. पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका, त्याने खुब्याच्या सांध्याला इजा होते. पाचव्या महिन्यात तर बाळ कुशीवर वळू लागतं, आता बांधणं पूर्ण थांबवा.

प्रश्न : दहा महिन्यांच्या मुलाचं नाक सतत चोंदतं, दूध ओढता येत नाही. शेजारच्या काकू ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधायला आणि मधातून चाटण द्यायला सांगतात. गेल्या वर्षी मोठ्या मुलीसाठी आणलेलं खोकल्याचं औषध घरात आहे, ते थोडं द्यावं का?

उत्तर : तिन्ही नको. कापूर दोन वर्षांखालच्या मुलांना विषासारखा आहे. तो पोटात गेला तर झटके येतात, आणि पुरचुंडी तोंडात घालणं हे दहा महिन्यांच्या बाळाचं आवडतं काम. कापूर-मेंथॉल असलेले बामही या वयात छातीला, नाकाला लावू नयेत. मध एक वर्षाच्या आत बोटाच्या टोकावरही नको. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंची बीजं असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडू शकतात. बाळगुटी मधात उगाळत असाल तर तेही थांबवा. वर्षानंतर मात्र मध हा खोकल्यावरचा चांगला उपाय आहे: झोपताना अर्धा चमचा, नुसता किंवा कोमट पाण्यात.

खोकल्याच्या बाटलीबद्दल स्पष्ट लिहितो. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखाली देऊ नयेत, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित कफ सिरपमुळे मुलं दगावल्यावर, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत असं कळवलं. एका मुलाचं औषध दुसऱ्याला अंदाजाने देणं तर कधीच नको. तापाच्या पॅरासिटामॉलचंही हेच. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम. सिरपच्या मापाने थेंब दिले की मात्रा दुप्पट ते चौपट होते. डॉक्टरांकडून मिलीचं माप वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि कोणत्या बाटलीचं तेही लिहून घ्या.

चोंदलेल्या नाकाला मिठाच्या पाण्याचे तयार थेंब लागतात. औषधाच्या दुकानात सलाइन नेझल ड्रॉप्स मागा. घरी मीठ कालवून करू नका, प्रमाण आणि स्वच्छता दोन्ही चुकतात. दूध पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाळाला मांडीवर उताणं घेऊन प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब टाका, मग उभं धरा. बाळ शिंकेल, शेंबूड सैल होईल, तो मऊ कापडाने टिपा. रात्री झोपण्याआधी पुन्हा. दूध थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. वाफेचं भांडं नको, मुलं भाजतात ती बहुधा ते कलंडून.

रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे कधी जायचं हे श्वास मोजून ठरतं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पोटावरचा कपडा वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा श्वास जलद समजतात. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध सोडत असेल तर मोजण्यातही वेळ घालवू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तर तोही सकाळपर्यंत थांबण्याचा ताप नाही.

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात गॅस गिझर बाथरूमच्या आतच आहे. थंडीत आम्ही खिडकी लावून दोन्ही मुलांना एकदम अंघोळ घालतो. मोठी म्हणते, डोकं दुखतं.

उत्तर : डोकेदुखी ही धोक्याची खूण आहे. उद्या त्या बाथरूममध्ये गिझर चालू ठेवून कोणालाही अंघोळ घालू नका. बंद जागेत ज्योतीला हवा अपुरी पडली की तोच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असल्याने त्यांच्या रक्तात तो लवकर भरतो. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, मग हातपाय गळतात. तेव्हा कडी काढायचीही ताकद राहत नाही.

कायमचा उपाय म्हणजे गिझर ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या गॅलरीत बसवून पाण्याचा फक्त पाइप आत आणणं. घरमालकांशी हेच बोला, खर्च फार नसतो. तोपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर आणि सिलिंडरचा कॉक बंद करा, पाच मिनिटं दार उघडं ठेवा, आणि मगच मुलांना आत न्या. नुसत्या एक्झॉस्ट पंख्यावर विसंबू नका, बाहेरून हवा यायला खालच्या बाजूला जाळी नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बर्नर चोंदला आहे. दर वर्षी थंडीआधी तो साफ करून घ्या. कोणी आत बेशुद्ध पडलं तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन.

गिझर काढून हीटरचा रॉड वापरणार असाल तर तोही मुलांच्या घरात जपूनच. बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात. बादली तापत असताना बाथरूमला बाहेरून कडी हवी; दोन वर्षांचं मूल बादलीच्या काठाला धरून वाकतं आणि तोल जाऊन आत पडतं. भाजलंच तर कपडे काढा (चिकटले असतील तर ओढू नका), भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा, बाकीचं अंग कोरड्या दुपट्यात गुंडाळून ठेवा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही नको. स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखान्यात न्या.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. शाळा सव्वासातला. स्कूटरवर पुढे उभा करून नेते, तर पोहोचेपर्यंत नाक गळायला लागतं.

उत्तर : चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकात आहे. चार-पाच पालकांनी मिळून शाळेत लेखी विचारा. या वयाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते, हेही त्या पत्रात लिहा.

पुढे उभं केल्याने सगळा वारा मुलाच्या तोंडावर येतो, आणि करकचून ब्रेक लागला तर ते हँडलवर आदळतं. मागे बसवा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला जोडलेला पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. गारठ्यातही तो उपयोगी पडतो: मागे तुमच्या पाठीचा आडोसा मिळतो, आणि हेल्मेटखाली पातळ सुती कानपट्टी बसते. लांब मफलर घालू नका, चाकात अडकून गळ्याला फास बसतो. गळाबंद टोपी किंवा चेनचं उभ्या कॉलरचं जाकीट घाला. सकाळी १० अंश आणि दुपारी ३० असा आपल्याकडचा हिवाळा असतो, म्हणून स्वेटर चेनचाच हवा, मुलाला स्वतः काढता येईल असा. डोक्यातून घालायचा स्वेटर दुपारपर्यंत घामाने भिजतो.

प्रश्न : नात दहा महिन्यांची आहे, पहिलंच बोरन्हाण आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : संक्रांत ते रथसप्तमी हा काळ घरोघरी फार हौसेचा, आणि ती हौस पूर्ण करावी. फक्त डोक्यावरून जे ओतायचं ते बघून निवडा. बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगदाणे, काटेरी हलवा, गोळ्या: यातलं जवळजवळ सगळं चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतं. शेंगदाणा त्यात सगळ्यांत वाईट. तो गुळगुळीत असतो, सहज आत ओढला जातो, आणि आत ओलाव्याने फुगतो.

नातीच्या डोक्यावरून चुरमुरे आणि झेंडूच्या, शेवंतीच्या पाकळ्या ओता. बोरं आणि करवे नुसते ओवाळून परातीत ठेवा. गोळा करायला आलेल्या मुलांना खाऊच्या पुड्या आधीच बांधून वेगळ्या द्या, त्यात पाच वर्षांच्या पुढच्यांनाच शेंगदाणे-हलवा. पाटाखाली मोठी चादर अंथरा, न्हाण झालं की चारही कोपरे धरून ती उचला. मग झबल्याच्या घड्या, मानेच्या वळ्या आणि लंगोट झटकून बघा. दाणा बहुधा तिथेच राहतो. हलव्याचे दागिने फोटोपुरते घाला आणि कोणीतरी हाताजवळच बसा. हलवा ओला झाला की दोऱ्यातून सुटतो आणि दहा महिन्यांचं मूल हार पहिल्यांदा तोंडातच घालतं. झोपण्याआधी गळ्यातलं, कमरेचं सगळं काढा.

घास अडकून आवाज फुटत नसेल, खोकता येत नसेल तर: वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, जबडा हाताने धरलेला, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोसे द्या. न निघाल्यास उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा ठोसे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आत ढकलली जाते. मूल एकदा गुदमरलं, मग बरं वाटलं, पण त्यानंतर खोकला किंवा छातीत एका बाजूला घरघर सुरू झाली, तर ती सर्दी समजू नका. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टरांना गुदमरल्याचं मुद्दाम सांगा.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीला थंडीत एकाएकी उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. घरात म्हणतात, दात येताहेत.

उत्तर : दातांनी असे जुलाब होत नाहीत. थंडीतले हे जुलाब बऱ्याचदा रोटाव्हायरसचे असतात: आधी उलट्या आणि ताप, मग तीन-चार दिवस पाणी. त्याची लस सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मोफत मिळते. अँटिबायोटिकने विषाणू जात नाही. धोका असतो तो अंगातलं पाणी कमी होण्याचा, आणि थंडीत मूल पाणी मागत नाही म्हणून तो उशिरा लक्षात येतो.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट असेल तर ते एकाच वेळी, पूर्ण, मोजून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. ग्लासात अंदाजाने अर्धं पाकीट टाकणं ही नेहमीची चूक आहे. मीठ जास्त झालं तर उलट अपाय होतो. २०० मिलीची लहान पाकिटंही मिळतात, म्हणून आधी पाकिटावरचं माप वाचा. चोवीस तासांनी उरलेलं फेका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. या वयाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. अंगावरचं दूध, मऊ भात, वरण, केळं चालू ठेवा. सोबत झिंक रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब आधी थांबले तरी. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल गळून पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना.

प्रश्न : थंडीत लंगोट वाळत नाहीत आणि बाळ जास्त ओलं करतं, असं का?

उत्तर : घाम कमी येतो, म्हणून तेवढं पाणी लघवीवाटे जातं. उन्हाळ्यापेक्षा आठ-दहा लंगोट जास्तीचे ठेवा. ओलसर लंगोट वापरू नका, जांघेत लाल चट्टे येतात ते बहुधा त्यामुळेच. धुताना साबण निघेपर्यंत दोनदा खळबळा, निर्जंतुक करायचं द्रव पाण्यात ओतू नका. अकरा ते तीन एवढंच ऊन असतं, त्याआधी वाळत टाका आणि तीनच्या आत घरात घ्या. संध्याकाळी दोरीवर राहिले तर पुन्हा सर्द होतात. तेवढ्यात वाळले नाहीत तर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवून पंख्याखाली पसरा, आणि गार झाल्यावरच घाला.